पळस्पे येथील ध्रुपद गुरुकुल : प्राचीन गायकीकडे वळणाऱ्या गायकाची घडण

प्रस्तावना

महाराष्ट्रातील अभिजात संगीताचा इतिहास हा प्रामुख्याने ख्यालगायकीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. मिरज, कोल्हापूर, पुणे आणि मुंबई ही त्याची ठळक केंद्रे होत. या इतिहासात रायगड जिल्ह्याचे नाव क्वचितच आढळते. मुंबई-गोवा महामार्ग जेथून सुरू होतो त्या पनवेलजवळच्या पळस्पे फाट्याचा उल्लेख तर वाहतुकीच्या बातम्यांपलीकडे सहसा होत नाही. तथापि विसाव्या शतकाच्या अखेरीस याच पळस्पे गावी हिंदुस्थानी संगीतातील सर्वांत जुन्या जिवंत गायकीचे, म्हणजे ध्रुपदाचे, एक निवासी विद्यापीठ उभे राहिले. रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी त्याची स्थापना केली आणि त्यांचे धाकटे बंधू, ध्रुपदगायक उस्ताद झिया फरिदुद्दीन डागर यांनी ते पुढे सांभाळले. देशातील तसेच परदेशांतील विद्यार्थी या परिसरात येऊन राहिले आणि शिकून गेले. स्थानिक इतिहासाने मात्र या घटनेची म्हणावी तशी नोंद घेतलेली नाही.

प्रस्तुत लेखात गुरुकुलाचा केवळ वृत्तान्त देण्यापेक्षा एका प्रश्नाचा विचार अभिप्रेत आहे. ख्यालाच्या वातावरणात वाढलेला गायक जेव्हा त्याहून जुन्या गायकीकडे वळतो, तेव्हा तो काय मिळवतो आणि त्याला काय सोडून द्यावे लागते? जुने संगीत कागदावरून परत मिळवता येते, की ते गळ्यातूनच घ्यावे लागते? संगीत हा विषय महाविद्यालयीन अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत बसवण्याचा प्रयत्न शतकभर चालू असल्यामुळे हा प्रश्न केवळ गायकांपुरता उरत नाही.

युरोपातील समांतर चळवळ आणि चौलचे मौन

हाच प्रश्न युरोपात वेगळ्या परिस्थितीत उपस्थित झाला. फ्रान्समधील सोलेमच्या मठात एकोणिसाव्या शतकात जुन्या हस्तलिखितांच्या आधारे ग्रेगोरियन गायनाच्या शुद्धीकरणाचे काम सुरू झाले. आर्नोल्ड डोल्मेच यांनी जुनी वाद्ये पुन्हा घडवली व १९२५ पासून इंग्लंडमधील हेझलमिअर येथे त्या संगीताचा महोत्सव भरवला. १९३३ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे प्राचीन संगीताच्या शिक्षणाची स्वतंत्र संस्था निघाली. पुढे आल्फ्रेड डेलर यांचा गायकवृंद (१९४८), निकोलाउस हार्नोनकूर यांचा व्हिएन्नातील वाद्यवृंद (१९५३) आणि हिलिअर्ड एन्सेम्बल (१९७४) यांनी या चळवळीला व्यावसायिक मैफलीचे रूप दिले. 'अर्ली म्युझिक' या नावाने ती आज ओळखली जाते.

या चळवळीत शिरणाऱ्या गायकाची अडचण मोठी उद्बोधक आहे. ऑपेराच्या तालमीत तयार झालेला गायक मोठ्या सभागृहात वाद्यवृंदावर मात करणारा, सतत कंप पावणारा भरदार आवाज कमावून बसलेला असतो. सोळाव्या शतकातील चार-पाच स्वतंत्र स्वरपंक्तींच्या समूहगायनात हाच आवाज दोष ठरतो, कारण त्याचा कंप शेजारच्या गायकाच्या स्वराशी एकजीव होत नाही. म्हणून त्याला आवाज सरळ करावा लागतो, वैयक्तिक वैभव बाजूला ठेवावे लागते आणि शेजाऱ्याचा स्वर ऐकत गावे लागते. थोडक्यात, कमावलेले विसरणे हा त्याच्या शिक्षणाचा पहिला पाठ असतो. त्याच्यापुढे दुसरी अडचण अशी की, हे संगीत प्रत्यक्ष गाणारा गुरू त्याला लाभत नाही. स्वरलिपी असते, सिद्धान्तग्रंथ असतात, चित्रे असतात. परंपरेचा धागा मात्र मधल्या दोन-तीन शतकांत तुटलेला असतो.

असाच तुटलेला धागा रायगडच्या किनाऱ्यावरही आहे. चौल-रेवदंडा येथे सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून पोर्तुगीज सत्ता होती. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट आणि ऑगस्टिनियन या संप्रदायांची चर्चे तेथे होती व त्यांचे भग्नावशेष रेवदंड्याच्या कोटात आजही दिसतात. युरोपात आज जे 'प्राचीन' म्हणून परिश्रमपूर्वक पुन्हा उभे केले जाते, त्याच काळातील लॅटिन उपासनागायन या भिंतींत होत असले पाहिजे, असे अनुमान करण्यास हरकत नाही. १७४० मध्ये हे ठाणे मराठ्यांच्या ताब्यात आले आणि तो अध्याय संपला. खाडीपलीकडील कोर्लई येथे मराठीच्या सहवासात घडलेली पोर्तुगीज वळणाची बोली मात्र लोकांच्या तोंडी टिकली. दगडी वास्तू ढासळली व बोली जगली, कारण बोलीला रोज बोलणारी तोंडे होती. गायनपरंपरेलाही हाच नियम लागू पडतो.

महाराष्ट्राजवळ असलेला कागद

महाराष्ट्राचा ध्रुपदाशी संबंध नव्हता असे नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्यातील प्रबंधविचार हा ध्रुपदाच्या पूर्वपीठिकेचा एक मुख्य आधार मानला जातो. पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या संधिकालात ग्वाल्हेरच्या मानसिंह तोमराच्या दरबारात ध्रुपदाला प्रतिष्ठा लाभली व अकबराच्या काळात ते दरबारी संगीताच्या अग्रस्थानी पोहोचले. दक्षिणेत विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने स्वतः पदरचना केली. एकोणिसाव्या शतकात वाई परिसरातून इंदूरच्या दरबारी गेलेल्या नानासाहेब पानसे यांनी पखवाजाची जी परंपरा घातली, तिचा विस्तार महाराष्ट्रभर झाला. रायगडच्या गावोगावच्या भजनी मंडळांत आजही पखवाज वाजतो. ध्रुपदाचे तालवाद्य येथे घरोघरी परिचित आहे, ध्रुपद मात्र अपरिचित, ही वस्तुस्थिती थोडी विचित्रच म्हटली पाहिजे.

याचे कारण एकोणिसाव्या शतकातील रुचिपालटात शोधावे लागते. ख्यालाने मैफल जिंकली. या संक्रमणाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे उस्ताद अल्लादियाखां (१८५५–१९४६). त्यांचे घराणे मुळात ध्रुपदियांचे, डागुर बाणीचे. तरुणपणी आवाज बिघडल्यानंतर त्यांनी ख्यालाची स्वतःची अशी बांधणी केली आणि कोल्हापूर-मुंबईच्या परिसरात ती रुजवली. मराठी श्रोत्यांनी ज्या गायकीला सर्वांत बौद्धिक मानले, ती अशा रीतीने ध्रुपदातून ख्यालाकडे आलेल्या प्रवासाचे फलित होती. पळस्पे येथे जे घडले तो उलट दिशेचा प्रवास होय.

ध्रुपद मैफलीतून मागे पडत असताना पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी ते कागदावर उतरवले. 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत स्वरलिपीबद्ध झालेल्या सुमारे अठराशे बंदिशींत ध्रुपदे व धमार यांचा वाटा मोठा आहे. हे कार्य किती मोलाचे आहे हे सांगण्याची गरज नाही. परंतु त्याची एक मर्यादा लवकरच दिसून आली. परीक्षांच्या अभ्यासक्रमात ध्रुपद आले ते बंदिशीच्या रूपाने. स्थायी-अंतरा पाठ करायचा, हाताने चौताल धरायचा आणि दुगुन, तिगुन, चौगुन करून दाखवायची, असे त्याचे स्वरूप ठरले. ध्रुपदाचा प्राण असलेला आलाप स्वरलिपीत मावत नव्हता. म्हणून तो परीक्षेतही मावला नाही. अनेक संगीतशिक्षकांच्या मनात ध्रुपद म्हणजे गणिती लयकारीचा कोरडा प्रकार अशी जी प्रतिमा आहे, तिचे मूळ येथे असावे.

येथे १९१६ च्या बडोदे येथील पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेचे स्मरण होते. क्लेमेंट्स आणि सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींचे गणित मांडून त्यानुसार हार्मोनियम तयार करविली होती व तिच्यावरून त्या परिषदेत मोठा वाद झाला. त्याच परिषदेस उदयपूरचे ध्रुपदिये झाकिरुद्दीनखां उपस्थित होते आणि गणिताच्या पडताळ्यासाठी शेवटी त्यांच्या गळ्याकडे पाहिले गेले. पुढे साठ-सत्तर वर्षांनी या झाकिरुद्दीनखां यांचेच नातू पनवेलजवळ गुरुकुल काढणार होते.

उदयपूर ते पळस्पे

झाकिरुद्दीनखां यांचे पुत्र झियाउद्दीनखां उदयपूरच्या महाराण्यांच्या पदरी होते. त्यांचे थोरले पुत्र झिया मोहिउद्दीन (जन्म १९२९) व धाकटे झिया फरिदुद्दीन (जन्म १९३२). वडिलांच्या निधनानंतर धाकट्या भावाची तालीम थोरल्याकडे आली. संस्थाने विलीन झाली, दरबार संपले आणि दोघा भावांना उपजीविकेसाठी मुंबईची वाट धरावी लागली. चेंबूर येथे झिया मोहिउद्दीन यांचे वास्तव्य होते.

डागर घराण्यात वीणा हे प्राधान्याने साधनेचे वाद्य होते. गायकाने स्वरांची सूक्ष्म अंतरे समजून घ्यावीत यासाठी ती घरात वाजवली जाई. झिया मोहिउद्दीन यांनी तिला स्वतंत्र मैफलीचे वाद्य केले. त्यासाठी कोलकात्याच्या वाद्यकारांकडून त्यांनी अधिक मोठ्या भोपळ्यांची आणि जाड दांडीची वीणा घडवून घेतली, जेणेकरून मंद्र सप्तकातील स्वर दीर्घकाळ टिकावा व मींड गळ्यासारखी निघावी. वाद्य त्यांचे होते, पण विचार गायकाचा होता. म्हणूनच त्यांच्याकडे वीणा शिकणाऱ्यांइतकेच गाणे शिकणारेही येत. मुंबईत वाढलेले ऋत्विक सान्याल हे १९६० च्या दशकापासून त्यांच्याकडे ध्रुपदगायन शिकले आणि पुढे बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापक झाले. मुंबईचे सुरबहारवादक पुष्पराज कोष्टी हेही त्यांचेच शिष्य.

१९६४ मध्ये याच घराण्यातील नासिर मोइनुद्दीन व नासिर अमिनुद्दीन या बंधूंनी आलें दानिएलू यांच्या पुढाकाराने युरोपचा दौरा केला होता. प्राचीन संगीताच्या शोधात असलेल्या तिकडच्या श्रोत्यांना ध्रुपदात आपल्या हरवलेल्या मध्ययुगाचा भास झाला असल्यास नवल नाही. झिया मोहिउद्दीन यांनीही अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात अध्यापन केले. परदेशात आदर मिळत असताना मायदेशी ध्रुपदाची मैफल मात्र दुर्मीळच होती.

अशा वेळी दोन घटना जवळजवळ एकाच सुमारास घडल्या. १९८१ मध्ये मध्य प्रदेश शासनाने भोपाळ येथे उस्ताद अल्लाउद्दीनखां संगीत अकादमीच्या वतीने ध्रुपद केंद्र सुरू केले आणि झिया फरिदुद्दीन तेथे गुरू म्हणून रुजू झाले. निवडक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देऊन केवळ ध्रुपद शिकवण्याचा हा प्रयोग होता. दुसरीकडे, त्याच दशकात झिया मोहिउद्दीन यांचे गुरुकुल पळस्पे येथे आकारास आले. (कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामकरणही १९८१ चेच, हा अर्थात योगायोग.) भोपाळला शासनाचे पाठबळ होते, पळस्प्याला गुरूच्या स्वतःच्या इच्छेखेरीज फारसे काही नव्हते. दोहोंत शिष्यांची ये-जा असे. चित्रपटकार मणी कौल हे स्वतः झिया मोहिउद्दीन यांच्याकडे शिकत होते. त्यांच्या 'ध्रुपद' (१९८२) या चित्रपटात दोन्ही बंधूंचे गायन-वादन जतन झाले असून या कालखंडाचा तो उत्तम दस्तऐवज ठरतो.

आवाजाची पुनर्घडण

मराठी संदर्भात पंडित उदय भवाळकर यांचे उदाहरण विशेष लक्षणीय आहे. १९६६ मध्ये उज्जैन येथे मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गाण्याची पहिली ओळख थोरल्या बहिणीकडून झाली. किशोरवयातच ते भोपाळच्या ध्रुपद केंद्रात दाखल झाले व दोन्ही डागर बंधूंच्या सहवासात बारा वर्षांहून अधिक काळ गुरुकुल पद्धतीने शिकले. पुढे पुण्यात स्थायिक होऊन त्यांनी स्वतःचे शिष्य तयार केले. माळव्यातील मराठी समाज हा ख्याल, नाट्यसंगीत आणि भजन यांत रमणारा. देवासला कुमार गंधर्वांसारखा प्रतिभावंत शेजारी असताना त्या परिसरातील एका मराठी मुलाने ध्रुपदाकडे वळावे ही त्या काळी सरळ वाट नव्हती. श्रोते थोडे, मैफली त्याहून थोड्या, आणि तालीम दीर्घ.

ही तालीम कशी असते हे समजून घेतल्याशिवाय या प्रवासाचे मोल ध्यानात येत नाही. डागरवाणीत शिक्षणाचा आरंभ बंदिशीने होत नाही, तो षड्जाने होतो. पहाटे तंबोऱ्याच्या साथीत मंद्र सप्तकात एकेक स्वर दीर्घकाळ लावण्याची खरजसाधना हा दिनक्रमाचा पाया होय. तंबोरा जुळवणे हेच एक शिक्षण असते. जव्हारीतून निघणारे उपस्वर ऐकू येऊ लागल्यावरच गायकाला आपला स्वर कोठे लावायचा हे कळू लागते. एका रागात महिनोन्महिने राहावे लागते. त्या रागातील ऋषभ किंवा गांधार अमुक श्रुतीवर आहे, असे गणित कोणी मांडत नाही. गुरू स्वर लावतो, शिष्य लावतो, गुरू पुन्हा लावतो.

ख्यालगायकाला येथे बरेच काही सोडावे लागते. त्याच्या हाती तान असते, मुरकी असते, खटका असतो, समेवर येण्याची नजाकत असते. ध्रुपदाच्या आलापात तानेला स्थान नाही. आकार, डगर, धुरण, मुरण, कंपित, आंदोलित, लहक, गमक, हुडक, स्फूर्ती अशी आलापाची लक्षणे डागर परंपरेत सांगितली जातात. त्यांतील बहुतेक एका स्वराकडून दुसऱ्या स्वराकडे कसे जावे याविषयीच आहेत, किती स्वर घ्यावेत याविषयी नाहीत. शब्दही मागे राहतात. 'री', 'रे', 'ना', 'तोम्', 'नोम्' अशा अक्षरांवर तासभर आलाप चालतो. प्रथम लयहीन, मग जोडात एक नियमित स्पंदन, शेवटी द्रुत गमकांचा झाला. त्यानंतर पखवाजासह बारा मात्रांच्या चौतालात, चौदा मात्रांच्या धमारात किंवा दहा मात्रांच्या सूलतालात बंदिश येते. परीक्षार्थी ज्याला ध्रुपद समजतो तेथे पोहोचेपर्यंत मैफल पुष्कळशी होऊन गेलेली असते.

आवाजाच्या लगावातही फरक पडतो. ख्यालात आवाज टोकदार व चपळ असावा लागतो. डागरवाणीत तो नाभीपासून उचललेला, रुंद व स्थिर अपेक्षित असतो. तार षड्जावर झेप घेण्याचे कौतुक येथे नाही. मंद्र पंचमाच्या खाली आवाज कसा उतरतो याकडे जाणकारांचे लक्ष असते. युरोपीय गायकाने कंप सोडून सरळ स्वराकडे यावे, तसेच हे तान सोडून मींडेकडे येणे आहे. फरक एवढाच की, येथे गायकाच्या समोर हस्तलिखित नसते. जिवंत माणूस बसलेला असतो व तो चूक तत्काळ दाखवतो.

दोन गळ्यांचे एक गाणे

युरोपातील प्राचीन संगीत हे मुख्यतः समूहगायन आहे आणि भारतीय रागसंगीत एकट्याचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ध्रुपदाच्या बाबतीत ती पूर्णपणे खरी नाही. वृंदावनच्या राधावल्लभ संप्रदायातील समाजगायनात ध्रुपदाच्या अंगाची पदे समूहाने गाइली जातात. डागर घराण्यात तर दोघा भावांनी मिळून गाणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. झाकिरुद्दीन-अल्लाबंदे, मोइनुद्दीन-अमिनुद्दीन, झहिरुद्दीन-फैयाझुद्दीन या जोड्या सर्वश्रुत आहेत. झिया मोहिउद्दीन व झिया फरिदुद्दीन यांची जोडी वीणा आणि गळा अशी होती.

आजच्या मैफलीत जुगलबंदी या शब्दाला स्पर्धेचा वास चिकटला आहे. ध्रुपदाच्या जुगलबंदीत मात्र एकाने स्वर जेथे सोडला तेथून दुसऱ्याने तो उचलायचा असतो. पहिला मंद्रात असेल तर दुसरा त्याला षड्जाचा आधार देतो. पहिल्याने निषादाची वाट दाखवली तर दुसरा त्या वाटेने एक पाऊल पुढे जातो. रागाचा विस्तार एकच असतो, त्याला चालना देणारे दोन असतात. दोन गळ्यांच्या स्वरांत केसाइतके अंतर पडले तरी ते उघडे पडते. त्यामुळे श्रुतीची अचूकता ही येथे शास्त्रचर्चा न राहता व्यवहारातील गरज बनते. गुरुकुलात शिष्यांनी एकत्र बसून खरज भरणे हा या एकजीवतेचा सराव होय. भोपाळ केंद्रातून तयार झालेल्या उमाकांत व रमाकांत गुंदेचा या बंधूंनी हीच रीत पुढे नेली व ती दूरवर पोहोचवली. रमाकांत यांच्या २०१९ मधील निधनाने ती जोडी भंगली.

प्राचीनतेच्या दाव्याविषयी

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ध्रुपद हे शेकडो वर्षे जसेच्या तसे टिकले आहे, असे विधान अनेक कार्यक्रमपत्रिकांत आढळते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते स्वीकारू नये. ऋत्विक सान्याल आणि रिचर्ड विडेस यांच्या २००४ मधील इंग्रजी ग्रंथातून ध्रुपद ही काळानुसार बदलत आलेली परंपरा असल्याचे स्पष्ट होते. झिया मोहिउद्दीन यांची वीणा ही त्यांच्या आजोबांच्या काळातील वीणा नव्हे. दीर्घ आणि संथ आलापाला आज जे केंद्रस्थान मिळाले आहे, त्यात ध्वनिक्षेपक, ध्वनिमुद्रण व विसाव्या शतकातील चिंतनशील श्रोता यांचा वाटा आहे. युरोपातही रिचर्ड टारुस्किन यांनी असाच आक्षेप घेतला होता. प्राचीन म्हणून सादर होणारे संगीत हे वस्तुतः विसाव्या शतकाच्या आधुनिक अभिरुचीचे अपत्य आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हा आक्षेप डागरवाणीला लागू पडतो, पण अर्धाच. बदल येथेही झाला. मात्र तो करणारी माणसे त्या परंपरेच्या आत वाढलेली होती. वीणेचा भोपळा किती मोठा करावा हे ठरवताना झिया मोहिउद्दीन यांच्या कानात वडिलांचा स्वर होता. बाझलच्या विद्यार्थ्याला असा स्वर उपलब्ध नसतो, त्याला तो तर्काने उभा करावा लागतो. म्हणून पळस्पे येथे जे टिकले ते जुने गाणे होते असे म्हणण्यापेक्षा जुन्या गाण्याची शिकण्याची रीत टिकली असे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

गुरुकुलापुढील प्रश्न

झिया मोहिउद्दीन यांचे १९९० मध्ये निधन झाले. भोपाळ केंद्रात सुमारे पाव शतक शिकवल्यानंतर फरिदुद्दीन यांनी उत्तरायुष्य पळस्पे येथे अध्यापनात घालवले. २०१२ मध्ये जाहीर झालेली पद्मश्री त्यांनी नाकारली. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांना, गुंदेचा बंधूंना, तोच सन्मान जाहीर झाला होता. ८ मे २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हापासून झिया मोहिउद्दीन यांचे पुत्र, रुद्रवीणावादक बहाउद्दीन डागर हे परंपरा चालवीत आहेत.

दरम्यान गुरुकुलाचा परिसर ओळखू न येण्याइतका बदलला. पनवेल हे महानगर झाले, द्रुतगती महामार्ग आला, न्हावाशेव्याच्या बंदराची अवजड वाहने वाढली आणि २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. उपस्वर ऐकण्यावर ज्या शिक्षणाचा पाया आहे, त्याला शांतता ही चैनीची नव्हे तर साधनसामग्रीची बाब असते. ध्वनिप्रदूषणाच्या चर्चेत हा मुद्दा कधी येत नाही.

दुसरा प्रश्न शिक्षणपद्धतीचा आहे. निवासी गुरुकुलाचा गौरव करताना त्यातील विषमता विसरता येत नाही. शिष्याचा वेळ, निवास आणि भवितव्य गुरूच्या मर्जीवर अवलंबून असते व दाद मागण्याची सोय बहुधा नसते. २०२० मध्ये ध्रुपदाच्याच क्षेत्रातील एका निवासी संस्थेविषयी (ही संस्था पळस्प्याची नव्हे) झालेल्या गंभीर तक्रारींनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. महाविद्यालयीन पद्धतीत नियम, तक्रार समिती आणि ठरलेली मुदत असते. परंतु अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासिकेत खरज भरता येत नाही आणि सत्रान्त परीक्षेत एका गांधाराला गुण देता येत नाहीत. दोन्ही पद्धतींचे दोष ठाऊक असूनही त्यांना जोडणारी व्यवस्था महाराष्ट्रात अद्याप उभी राहिलेली नाही. शिष्यवृत्ती देऊन निवडक विद्यार्थ्यांना काही वर्षे एकाच गुरूकडे ठेवण्याचा भोपाळचा प्रयोग शासकीय चौकटीतलाच होता व त्यातून एक पूर्ण पिढी तयार झाली, हे येथे नमूद केले पाहिजे.

गांधर्व महाविद्यालय मंडळाचे वाशी येथील कार्यालय पळस्प्यापासून पंचवीस-एक किलोमीटरवर आहे. मंडळाच्या परीक्षांना बसणारे रायगड जिल्ह्यातील विद्यार्थी आजही ध्रुपदाची दुगुन-चौगुन हातावर मोजून पाठ करतात. त्यांच्यापैकी एखाद्याला विशारद झाल्यानंतर खरा आलाप ऐकावासा वाटला, तर त्याला फार दूर जावे लागत नाही. मात्र अलिबाग, पेण किंवा पनवेलच्या महाविद्यालयांतील संगीतप्रेमी विद्यार्थ्याला हे गाव याही कारणासाठी ओळखीचे आहे, अशी व्यवस्था आधी करावी लागेल. तिची सुरुवात जिल्ह्याच्या सांस्कृतिक इतिहासात पळस्प्याची नोंद करण्यापासून आणि गुरुकुलात शिकलेल्या गायकांच्या मौखिक मुलाखती ते हयात आहेत तोवर ध्वनिमुद्रित करण्यापासून होऊ शकते.